खेळाडूला खुर्ची दिली की काम भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा २०२५ मध्ये संमत झाला. राष्ट्रीय संघटनांच्या कार्यकारिणीत किमान दोन नामवंत खेळाडू हवेत, असे बंधन त्याने घातले आणि ‘संघटना खेळाडूंच्या हाती द्या’ ही जुनी मागणी पुन्हा जोरात सुरू झाली. मागणी रास्त आहे. पण तिच्या समर्थनार्थ ऑस्ट्रेलियाचा दाखला दिला जातो तेव्हा तो बहुधा अर्धाच सांगितला जातो. पूर्ण दाखला हवा असेल तर ब्रेंडन गेल यांची कारकीर्द बघावी. मेलबर्नमध्ये ती तोंडी लावायला अशी सांगतात: माजी खेळाडू क्लबचा प्रमुख झाला, दहा वर्षांत तीन विजेतेपदे मिळवू म्हणाला आणि मिळवून दाखवली. यातला प्रत्येक शब्द खरा आहे आणि तरीही यातून शिकण्यासारखे काही हाती लागत नाही.

आधी खेळाविषयी थोडक्यात. आपल्या वाचकांना मेलबर्न क्रिकेट ग्राउंड बॉक्सिंग डे कसोटीमुळे ठाऊक आहे. मार्च ते सप्टेंबर तिथे ऑस्ट्रेलियन फुटबॉल चालतो, बोलीभाषेत ‘फुटी’. मैदान लंबगोल, प्रत्येकी १८ खेळाडू, चेंडूही लंबगोल. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने चेंडू गेला की गोल, म्हणजे सहा गुण. बाजूच्या खांबापर्यंतच्या फटीतून गेला तर एक गुण. म्हणून १६.१२ (१०८) असा धावफलक दिसला तर १६ गोल, १२ एकेरी गुण, एकूण १०८ असे वाचायचे.

गेल यांचा जन्म १९६८ चा, टास्मानिया बेटाच्या वायव्य किनाऱ्यावरच्या बर्नी गावचा. वडील डॉन गेल टास्मानियातले नावाजलेले खेळाडू, भाऊ मायकेल मेलबर्नच्या फिट्झरॉय आणि रिचमंड या क्लबांकडून खेळला. ब्रेंडन १९९० ते २००१ रिचमंडकडून २४४ सामने खेळले, २०९ गोल केले. त्यांची मुख्य जागा ‘रक’ची. पंच चेंडू (तेव्हा जमिनीवर आपटून) उंच उडवतात, दोन्ही बाजूंचे सर्वांत उंच गडी त्यासाठी झेपावतात आणि हाताने तो आपल्या मधल्या फळीकडे ढकलतात. ढकलून झाले की रकवाला धापा टाकत पुढच्या जागेकडे धावतो, टाळ्या दुसऱ्याला मिळतात.

ज्या वर्षी ते रिचमंडच्या पहिल्या संघात आले, त्याच वर्षी क्लब बंद पडायच्या बेतात होता. ३१ ऑक्टोबर १९९० पर्यंत दहा लाख डॉलर उभे करा, नाहीतर गाशा गुंडाळा, अशी अवस्था. ‘सेव्ह अवर स्किन्स’ नावाची मोहीम निघाली, पाठीराखे डबे घेऊन फिरले, क्लब वाचला. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बारा मोसमांत गेल सहा प्रशिक्षकांच्या हाताखाली खेळले: बार्टलेट, जीन्स, नॉर्दी, वॉल्स, गिशेन, फ्रॉली. सरासरी दोन मोसमांना एक. प्रशिक्षक बदलला की खेळाची आखणी बदलते, सहायक बदलतात, आधीच्याने निवडलेली मुले नव्याच्या आखणीत बसत नाहीत म्हणून त्यांना सोडून देतात आणि उरलेल्या कराराचे पैसे घरी बसलेल्या माणसाला द्यावे लागतात. रिचमंडचे शेवटचे विजेतेपद १९८० चे होते. त्यानंतरच्या पडझडीची कारणे अनेक असतील, पण हा खो-खो त्यातले ठळक कारण, यात शंका नाही.

खेळता खेळता गेल यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. निवृत्तीनंतर लगेच क्लबच्या कचेरीत खुर्ची मिळाली, असे झाले नाही. २००५ ते २००९ ते खेळाडूंच्या संघटनेचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. आपल्याकडे या पायरीला समांतर असे फारसे काही नाही, म्हणून थोडे सांगतो. फुटीमध्ये प्रत्येक खेळाडूचा करार क्लबशी असला तरी किमान मानधन, दुखापतीचा खर्च, सुटीचे आठवडे, निवृत्तिनिधी, लीगच्या (एएफएल, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) उत्पन्नातला वाटा हे सगळे खेळाडूंची संघटना आणि लीग यांच्या सामूहिक करारात ठरते. असा करार कित्येक वर्षांचा असतो. समोर लीगचे वकील आणि हिशेबनीस, मागे सातशेच्या आसपास खेळाडू, त्यांत लाखोंचा मानकरी आणि उद्या संघाबाहेर जाईल की काय या धास्तीतला एकोणीस वर्षांचा मुलगा, दोघांचेही हित सांभाळायचे.

त्याच काळात अमली पदार्थांच्या धोरणाचे घोंगडे त्यांच्या गळ्यात होते. स्पर्धेबाहेरच्या दिवसांतही चाचणी करून घ्यायला खेळाडूंनी २००५ मध्ये आपणहून मान्यता दिली होती. अट एवढीच की पहिल्या दोन वेळा नाव गुप्त राहील, उपचार आणि समुपदेशन होईल, कारवाई तिसऱ्या वेळी. केंद्र सरकार आणि वृत्तपत्रे या अटीवर तुटून पडली. नाव जाहीर करायचे ठरले तर खेळाडू संमती काढून घेतील आणि चाचणीच बंद पडेल, हा साधा मुद्दा गेल यांना पुन्हा पुन्हा मांडावा लागला. अप्रिय बाजू न चिडता, आकड्यांनिशी मांडत राहण्याची तालीम त्यांना इथे मिळाली.

२००९ च्या ऑगस्टमध्ये ते रिचमंडचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. या पदाची रचना नीट पाहावी. क्लब सभासदांच्या मालकीचा असतो. सभासदत्व म्हणजे मोसमाचे तिकीट आणि मतही. सभासद संचालक निवडतात, संचालक अध्यक्ष ठरवतात आणि मुख्य कार्यकारी अधिकारी पगारावर नेमतात. संचालकांनी ठरवले तर तो उद्या घरी. मते मागत फिरणे नाही, तालुक्याची मोट बांधणे नाही. आपल्याकडे खेळाडू विरुद्ध राजकारणी ही चर्चा निवडून येणाऱ्या खुर्चीपाशीच अडते. मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदाला २०११ मध्ये दिलीप वेंगसरकर आणि २०२२ मध्ये संदीप पाटील उभे राहिले, दोघेही हरले. रोजचे काम ज्या पगारी पदावर होते, तिथे कोण आहे, त्याने आधी काय केले आहे, हे कोणी विचारत नाही.

आता पैसा. एएफएलमध्ये पैसे ओतून खेळाडू विकत घेता येत नाहीत. सगळ्या क्लबांच्या खेळाडूंच्या पगारावर सारखीच कमाल मर्यादा असते आणि नवी मुले वार्षिक ‘ड्राफ्ट’मधून येतात, ज्यात तळाच्या संघाला पहिली निवड मिळते. मग कर्ज असले काय, नसले काय? फरक पडतो तो उरलेल्या गोष्टींत: सहायक प्रशिक्षक किती, फिजिओ किती, शाळकरी मुलांचे सामने बघत देशभर हिंडणारी माणसे किती, व्यायामशाळा कशी. २०१५ मध्ये या खर्चावरही मर्यादा आणून वरच्या रकमेवर कर लावला गेला, तोपर्यंत श्रीमंत क्लब इथेच पुढे निघून जात. कर्जाच्या हप्त्यात बुडालेला क्लब ड्राफ्टमध्ये चांगला मुलगा मिळवतो आणि त्याला घडवायला माणसेच नसतात.

म्हणून गेल यांनी आधी हिशेबाची वही हातात घेतली. २०११ मध्ये साठ लाख डॉलरचे उद्दिष्ट ठेवून ‘फायटिंग टायगर फंड’ सुरू झाला: काही रक्कम कर्ज फेडायला, काही संघाच्या तयारीवर. पाठीराख्यांकडे हात पसरण्याची ही १९९० नंतरची मोठी वेळ होती, पण या वेळी पैसा कुठे जाणार हे आधी सांगितले होते. देणगी मागताना ‘क्लब वाचवा’ म्हटले की लोक एकदाच देतात. कशासाठी किती ते सांगितले तर पुढच्या वर्षीही देतात.

त्याआधी, २०१० मध्ये, तो प्रसिद्ध आराखडा जाहीर झाला: २०२० पर्यंत तीन विजेतेपदे, डोक्यावर शून्य कर्ज, ७५,००० सभासद. तेव्हा सभासद त्याच्या निम्म्याच्या घरात होते आणि नवे प्रशिक्षक डेमियन हार्डविक यांचा संघ मोसमातले पहिले नऊ सामने ओळीने हरला होता. शहरभर टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांचे फारसे चुकले असे म्हणता येत नाही. तीस वर्षे एकही विजेतेपद न मिळालेले क्लब अशा घोषणा करतच असतात.

या सगळ्या कहाणीतला मोलाचा भाग २०१६ चा आहे आणि तोच कोणी सांगत नाही. २०१३, २०१४, २०१५ अशी तीन वर्षे रिचमंड बाद फेरीत पोचला आणि तिन्ही वेळा पहिल्याच सामन्यात गारद झाला. २०१६ च्या सुरुवातीला हार्डविक यांचा करार २०१८ पर्यंत वाढवला. त्याच मोसमात संघ तेराव्या स्थानावर घसरला, शेवटचा सामना सिडनीकडून ११३ गुणांनी हरला. संचालक मंडळ उलथवण्याची मोहीम सभासदांच्या एका गटाने उघडली. रिचमंडची जुनी रीत पाहता प्रशिक्षकाला नारळ मिळणार, हे ठरल्यातच जमा होते.

अध्यक्षा पेगी ओ’नील आणि गेल यांनी तसे केले नाही. त्यांनी बाहेरच्या सल्लागारांकडून फुटबॉल विभागाचा आढावा घेतला आणि प्रशिक्षक कायम ठेवून त्याच्या भोवतालची माणसे बदलली. १९७३ आणि १९७४ च्या विजेत्या संघातले नील बाम फुटबॉल विभागाचे व्यवस्थापक म्हणून परत आले. ब्लेक कॅरासेला आणि जस्टिन लेपिच हे नवे सहायक आले. हार्डविक तोवर प्रत्येक बारीकसारीक गोष्टीत लक्ष घालत. ते ओझे वाटून घेतले गेले. खेळाडूंच्या बाजारात डिऑन प्रेस्टिया, जॉश कॅडी आणि टोबी नॅनकर्व्हिस आले, तिघेही मोठे गाजलेले नव्हेत, नेमक्या रिकाम्या जागांवर बसणारे. मंडळ उलथवण्याची मोहीम मतदानापर्यंत पोचलीच नाही. सहा प्रशिक्षक पाहिलेल्या माणसाने सातव्याला काढण्याआधी आजूबाजूला काय मोडले आहे ते तपासले. खेळाडूपणाचा अनुभव प्रशासनात उपयोगी पडला तो असा.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २०१७ च्या अंतिम सामन्यात एक लाखावर प्रेक्षकांसमोर ॲडलेडवर ४८ गुणांनी विजय. २०१९ मध्ये ग्रेटर वेस्टर्न सिडनीचा ८९ गुणांनी धुव्वा. २०२० ला कोविडमुळे स्पर्धा क्वीन्सलंडला हलली, प्रत्येक चरण वीसऐवजी सोळा मिनिटांचे झाले, अंतिम सामना ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावर रात्री झाला आणि जिलाँग ३१ गुणांनी हरला. तिन्ही अंतिम सामन्यांचा मानकरी डस्टिन मार्टिन. सभासदसंख्येने २०१८ मध्येच एक लाखाचा टप्पा ओलांडला होता, आणि तो ओलांडणारा हा लीगमधला पहिला क्लब.

श्रेय वाटताना मात्र तारखा बघाव्यात. जॅक रिवोल्ट २००६ च्या ड्राफ्टमधला, ट्रेंट कॉचिन आणि ॲलेक्स रान्स २००७ मधले. हे तिघेही गेल यायच्या आधीच क्लबात होते. मार्टिन २००९ च्या नोव्हेंबरमध्ये तिसऱ्या क्रमांकावर मिळाला, तो आधीच्या वर्षांच्या पराभवांमुळेच. २०२० च्या जैवसुरक्षित मुक्कामात क्लबने नियम मोडल्याबद्दल दंडही भरला. आणि गेल यांच्या शेवटच्या मोसमात, २०२४ मध्ये, रिचमंड फक्त दोन सामने जिंकून तळाला होता. ड्राफ्टच्या व्यवस्थेत शिखरावर गेलेला संघ कधी ना कधी खाली येतोच. तरी उतरणीची तयारी वेळेत झाली नाही, असे आमचे मत आहे.

गेल एकटेच या वाटेने आले असेही नाही. नॉर्थ मेलबर्नकडून १०३ आणि हॉथॉर्नकडून तीन सामने खेळलेले अँड्र्यू डिमेट्रिऊ १९९८ मध्ये खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख झाले, मग लीगच्या फुटबॉल विभागात गेले आणि २००३ ते २०१४ लीगचेच मुख्य कार्यकारी अधिकारी होते. कार्लटनचे १९८१ आणि १९८२ चे विजेते कर्णधार माइक फिट्झपॅट्रिक त्याआधीच ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आले होते, ते पुढे गुंतवणुकीच्या व्यवसायात उभे राहिले आणि नंतर लीगच्या आयोगाचे अध्यक्ष झाले. तिघांनीही मैदान आणि खुर्ची यांच्या मधली वर्षे दुसरीकडे, दुसरे काम शिकण्यात घालवली. आपल्या कायद्यातल्या दोन राखीव जागांवर बसणाऱ्या खेळाडूंसाठी ही मधली वर्षे कुठे आहेत, एवढेच विचारायचे आहे. संघटनेचे लेखापरीक्षण वाचायला, प्रक्षेपणाच्या हक्कांचा करार तपासायला, निवड समितीविरुद्धची तक्रार ऐकायला त्यांना कोणी शिकवणार आहे का? लीगचे प्रमुखपद २०२३ मध्ये रिकामे झाले तेव्हा गेल यांचे नाव चर्चेत होते, ते मिळाले अँड्र्यू डिलन यांना.

गेल आता घरी परतले आहेत, टास्मानियाच्या नव्या क्लबाचे मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून. मे २०२३ मध्ये परवाना मिळालेला ‘डेव्हिल्स’ संघ २०२८ मध्ये एएफएलमध्ये उतरायचा आहे. परवान्याची अट अशी की होबार्टमध्ये मॅक्वारी पॉइंटला २३,००० आसनांचे, छत असलेले मैदान व्हावे. पावणेसहा लाख वस्तीच्या राज्याला हा खर्च झेपेल का, यावरून रण पेटले. राज्य सरकारवरच्या अविश्वास ठरावानंतर जुलै २०२५ मध्ये मुदतीआधी निवडणूक झाली, तिच्या कारणांत हे मैदानही होते. शिवाय उत्तरेचे लॉन्सेस्टन आणि दक्षिणेचे होबार्ट यांचे हाडवैर जुने; आणि बर्नी व डेव्हनपोर्ट हे वायव्येचे दोन क्लब २०१८ मध्ये राज्याच्या स्पर्धेतून बाहेर पडले, कारण खेळायला पुरेशी माणसेच उरली नव्हती. दहा डॉलरचे संस्थापक सभासदत्व दोन लाखांहून अधिक लोकांनी घेतले आहे. त्यातल्या किती जणांना मोसमाच्या पूर्ण तिकिटाकडे वळवता येते आणि बर्नीच्या मुलांचा संघ पुन्हा उभा राहतो का, ही पुढच्या दोन वर्षांची कामे आहेत.

आपले,
मेलबर्नमधील काही मराठी वाचक