प्रथिन कोणते, याइतकेच ते कुठे आहे तेही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर आलेला लेख वाचला. विषय घेतलात हे बरे झाले. शौचावाटे रक्त जाते ते मूळव्याधीचेच, असे धरून दुखणे अंगावर काढणाऱ्यांपैकी चार जण तरी त्यामुळे डॉक्टरांकडे जातील. पण ‘कॅन्सर घडवणारे प्रोटीन’ ही चौकट वाचून माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी डाळ आणि अंडी बंद केली आहेत. जेवणातली प्रथिने पचनात अमिनो आम्लांपर्यंत फोडली जातात आणि चौकटीतली प्रथिने पेशी आपल्या आत स्वतः बनवते, एवढे एक वाक्य टाकले असते तर हे टळले असते.

माझी मुख्य तक्रार मात्र दुसरी आहे. लेखभर ‘पेशींची बेसुमार वाढ’ एवढेच येत राहते. मी नोकरीची सगळी वर्षे पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये स्लाइड बनवण्यात घालवली. आतड्याचा तुकडा तपासताना पॅथॉलॉजिस्ट पेशी किती वाढल्यात हे तर बघतातच, पण त्या कशा उभ्या आहेत हेही तितक्याच बारकाईने बघतात. निरोगी अस्तरात उंच पेशींचा एकच थर असतो. जांभळी केंद्रके तळाशी पंगतीला बसल्यासारखी एका ओळीत, वर गुलाबी भाग, मधूनमधून श्लेष्माने भरलेल्या पेशींचे फिकट गोल. प्रत्येक पेशीचे वरचे टोक आतड्याच्या पोकळीकडे, तर खालचे आधारपटलावर टेकलेले. पॉलिप बिघडू लागला की केंद्रके लांबट होतात, एकमेकांवर चढल्यासारखी दिसतात, तरी त्यांची दिशा अजून एकच असते. बिघाड आणखी पुढे गेला की दिशाही राहत नाही. बायोप्सीच्या रिपोर्टात ‘लॉस ऑफ पोलॅरिटी’, म्हणजे ध्रुवीयता (पेशीची वर-खाल दिशा) हरवणे, असे येते ते यालाच.

पेशीची वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, हे प्रथिनांचे गट ठरवतात. पार-३, पार-६ आणि एपीकेसी हा गट वरच्या बाजूला. स्क्रिबल, डीएलजी आणि एलजीएल हा गट कडेला. एपीकेसी एलजीएलला फॉस्फेट जोडते आणि त्याला वरच्या पडद्यावरून हुसकावून लावते. उलट बाजूनेही अशीच अडवणूक चालते आणि या ओढाताणीतून सीमा पक्की होते. पार जनुके प्रथम सापडली ती १९८८ मध्ये, केन केम्फ्युस यांना, एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत. फळमाशीत स्क्रिबल, डीएलजी, एलजीएल यांपैकी एक जरी जनुक निकामी झाले तरी अळीच्या अंगातला एकेरी थर ढीग होऊन गाठ बनते. माश्यांवर पैसा उधळणाऱ्या शास्त्रज्ञांना नावे ठेवणारी पत्रे याच सदरात अधूनमधून येतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आपल्या लेखात एपीसी या प्रथिनाला ‘वाढीचा ब्रेक’ म्हटले आहे. ते खरे आहे, पण अर्धेच. १९९१ मध्ये सापडलेले त्याचे जनुक मोठ्या आतड्याच्या बहुसंख्य कॅन्सरमध्ये बिघडलेले असते. वाढीची जनुके चालू करू शकणारे बीटा-कॅटेनिन हे प्रथिन नष्ट करायला एपीसी मदत करते. तो झाला ब्रेक. पण त्याचे शेपटाकडचे टोक पेशीच्या आतल्या सांगाड्यातल्या सूक्ष्मनलिकांना आणि मघाशी सांगितलेल्या डीएलजीलाही धरते. कॅन्सरमध्ये दिसणारे बहुतेक बिघाड हे प्रथिन मधेच तोडतात आणि जाते ते नेमके हे टोक. म्हणजे एकाच तडाख्यात ब्रेकही सुटतो आणि पेशीचा आतला सांगाडा ज्याला बांधलेला असतो त्यातला एक दुवाही.

बीटा-कॅटेनिनचे तर डोळ्यांनी दिसते. प्रतिपिंड लावून तपकिरी रंग आणला की निरोगी पेशींच्या कडांनी बारीक तपकिरी रेघ उमटते, कारण ते तिथे पेशींना एकमेकींशी सांधणाऱ्या ई-कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटून शेजारच्या पेशीशी जोड राखत असते. गाठीत, विशेषतः ती जिथे आत घुसत असते त्या कडेला, केंद्रकेच तपकिरी दिसतात. प्रथिन तेच, जागा बदलली, आणि जोड राखणारे आता वाढीची जनुके चालू करू लागले. स्क्रिबलही कित्येक गाठींत असते, पण आपल्या जागेवर नसते. म्हणून ‘अमुक प्रथिन वाढले, कॅन्सर झाला’ ही मांडणी मला खटकते.

उलट दिशेचा पुरावाही आहे. २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींत अशी सोय केली, की डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घातले की एलकेबी१ हे प्रथिन कामाला लागावे. ते लागताच एकट्या, शेजारी नसलेल्या पेशीनेही एका टोकाला, निरोगी पेशीच्या वरच्या टोकाला असते तशी, सूक्ष्मांकुरांची झालर उभी केली. याच प्रथिनाचे जनुक जन्मतः सदोष असेल तर प्यूट्झ-जेगर्स हा आजार होतो: ओठांवर आणि तोंडात काळसर ठिपके, आतड्यात पॉलिप. लहान मुलाच्या ओठांवर असे ठिपके दिसले, तर ते डॉक्टरांना एकदा जरूर दाखवावेत.

यावरून ‘ध्रुवीयता परत आणा, कॅन्सर बरा’ असा मथळा कृपया देऊ नका. पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रुसी संस्थेतील फानी झोलँ यांच्या गटाने २०१८ मध्ये या कॅन्सरच्या काही रुग्णांच्या पोटातल्या पाण्यात पेशींचे असे पुंजके दाखवले, की ज्यांत वरची बाजू चक्क बाहेरच्या अंगाला होती. त्यांची ध्रुवीयता हरवलेली नव्हती, उलटी झाली होती, आणि पोटाच्या आतल्या आवरणावर रोग पसरवण्यात याच पुंजक्यांचा हात होता.

या विषयावर पुन्हा लेख कराल तेव्हा बीटा-कॅटेनिनच्या दोन स्लाइडचे फोटो शेजारी-शेजारी छापा. एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजी विभागाकडे मागितलेत तर मिळतील. फक्त ते रंगीत पानावर घ्या. कृष्णधवल छपाईत तपकिरी आणि या स्लाइडवर एरवी केंद्रकांना येणारे निळे सारखेच दिसते.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, मिरज