ब्रिटन आणि अमेरिका एकाच रकान्यात कोंबू नका

महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ज्येष्ठांच्या परदेशवारीवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहिते आहे. मजकूर लंडनचा, फोटो न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सीचा आणि निष्कर्ष दोन्ही देशांना मिळून एकच. दवाखान्याची काळजी नाही, पायी चालणाऱ्याला मान आहे, सुट्ट्या भरपूर आहेत, माणसं तेवढी थंड! आमची मुलगी मँचेस्टरला आणि मुलगा न्यू जर्सीत असतो. दोघांकडे आम्ही राहून आलो आहोत, म्हणून ठामपणे सांगते की यातलं एकही विधान दोन्हीकडे सारखं लागू होत नाही.

दवाखान्याचंच घ्या. मँचेस्टरला हे बसस्टॉपजवळच्या ओल्या पानांवरून घसरले आणि मनगट सुजून टम्म झालं. मुलीने सरकारी इस्पितळाच्या अपघात विभागात नेलं. तिथे बसायला फार लागलं, अर्धी रात्र गेली, हे खरं आहे. पण नाव, जन्मतारीख, पत्ता विचारला, एक्स-रे काढला, प्लास्टर घातलं आणि घरी पाठवलं. पैशाचा विषय निघाला नाही. 1948 साली सुरू झालेली त्यांची आरोग्यसेवा, एनएचएस, करांच्या पैशांतून चालते आणि इंग्लंडमध्ये अपघात विभागातल्या उपचारांचे पैसे पाहुण्यांकडूनही घेत नाहीत. मात्र तुम्हाला ॲडमिट केलं किंवा नंतर तपासणीला बोलावलं, तर परदेशी माणसाला बिल येतं, तेही मूळ दराच्या दीडपट. हे तिथल्या बाईंनी आम्हाला आधीच नीट समजावून सांगितलं होतं. लेखात याचा उल्लेख नाही. तो वाचून कुणी विमा न काढता निघालं तर?

आता न्यू जर्सी. एका रात्री यांच्या छातीत जड वाटू लागलं. मुलाने 911 फिरवला, ॲम्ब्युलन्स आली, ईसीजी झाला, रक्त तपासलं आणि पहाटे पित्त म्हणून घरी सोडलं. जिवात जीव आला. तातडीच्या रुग्णाला इस्पितळाने तपासलंच पाहिजे, पैसे नाहीत म्हणून दारातून परत पाठवता येत नाही, असा अमेरिकेत 1986 पासून कायदा आहे, आणि त्याप्रमाणे आम्हाला वागवलंही चांगलं. पण फुकट तपासा असं तो कायदा म्हणत नाही. मग पाकिटं यायला लागली. इस्पितळाचं बिल वेगळं, तातडीच्या डॉक्टरांचं वेगळं, ॲम्ब्युलन्सचं वेगळं, आणि छातीचा एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांचं आणखी वेगळं, ज्यांचं तोंडही आम्ही पाहिलं नव्हतं. विमा इथूनच काढून नेला होता. कंपनीने यांचा जुना रक्तदाब दाखवून हात वर केले. मुलाने फोनवर तासन् तास घालवून हप्ते बांधून घेतले. आम्ही पुण्याला परतल्यावरही त्याच्याकडे पाकिटं येतच राहिली.

पैसे फिटले. मला लागून राहिलंय ते वेगळंच. त्या रात्रीनंतर तिथे असेपर्यंत हे काही दुखलं तरी बोलेनासे झाले. रात्री उठून बसलेले दिसायचे, विचारलं तर "काही नाही, झोप येत नाही" म्हणायचे. पोराला पुन्हा खर्च नको, एवढंच त्यांच्या मनात. सत्तरी ओलांडलेला माणूस मुलाच्या घरात दुखणं लपवतो, आणि तुमचा लेख सांगतो की तिकडे दवाखान्याची काळजी नाही! लिहिणाऱ्यांनी एखाद्या आईबापाला विचारायला हवं होतं.

सुट्ट्यांचं म्हणाल, तर मँचेस्टरला मुलीने दुसऱ्या दिवशी रजा टाकली. कायद्याने वर्षाला 28 दिवस पगारी सुटी तिच्या हक्काची आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात खासगी नोकरदाराला पगारी सुटीचा एक दिवसही सक्तीचा नाही. मुलगा रात्रभर इस्पितळात जागून सकाळी कामावर गेला.

चालण्याचं तर विचारूच नका. मुलाच्या भागात घरासमोरच्या रस्त्याला फुटपाथच नाही. दूध आणायचं तर मोटार हवी. मी गवताच्या कडेने चालत निघाले, तर एका भल्या बाईंनी गाडी थांबवून काही अडचण आहे का म्हणून विचारलं. उलट मँचेस्टरला झेब्रा क्रॉसिंगशी नुसतं उभं राहिलं की गाड्या थांबत. बस दारापाशी, आणि बागेत जागोजागी बाकं. हातपाय धड असेपर्यंत म्हाताऱ्या माणसाला तिथे कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

माणसं थंड असतात, हे अमेरिकेच्या बाबतीत साफ खोटं आहे. ॲम्ब्युलन्स येऊन गेल्याचं पाहून मुलाच्या शेजारीणबाई दुसऱ्या दिवशी घरी भाजलेला केळ्याचा केक घेऊन आल्या आणि यांचा हात धरून बसल्या. मँचेस्टरचे शेजारी सज्जन, पण पाऊस आणि ऊन यापलीकडे त्यांचं बोलणं गेलं नाही.

त्याच पानावर परदेशवारीच्या विम्याची जाहिरात आहे. आधीपासूनचे आजार वगळल्याची अट इतक्या बारीक टायपात छापली आहे की मला भिंग घ्यावं लागलं. जाहिरातीचे पैसे घेताना संपादकीय विभागाने एवढं तरी पाहावं. आणि मागे माझं पत्र आपण निम्मं कापून छापलं होतं, त्यात मूळ मुद्दाच गेला. या वेळी तसं करू नये.

उन्हाळ्यात पुष्कळ आईवडील मुलांकडे निघतात. त्याआधी पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा. ब्रिटनसाठी वेगळी, अमेरिकेसाठी वेगळी. रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनी पॉलिसी घेताना कंपनीकडून काय लेखी मागून घ्यायचं, तेही त्यात द्या.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
कोथरूड, पुणे