सीमाशुल्काचे बदलते नियम आणि मराठवाड्याची तयारी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर आधी २५ आणि मग आणखी २५ टक्के जादा शुल्क लावले, तेव्हापासून परदेशी व्यापाराच्या बातम्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येऊ लागल्या. त्याआधी २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी व्यापार करारावर सह्या झाल्या होत्या. १ ऑक्टोबरपासून स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांच्या गटाशी केलेला करार अमलात आला. जानेवारी २०२६ मध्ये युरोपीय महासंघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणाही झाली. यात कोणाचा फायदा आणि कोणाचा तोटा, यावर भरपूर लिहिले गेले. पण वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या एखाद्या लहान कारखान्यात हे नियम प्रत्यक्षात कोण वाचतो आणि ते कोणत्या कागदावर कसे उतरतात, याविषयी फारसे वाचायला मिळाले नाही. मी छत्रपती संभाजीनगर येथे अशाच लहान कारखान्यांच्या निर्यातीची कागदपत्रे पाहतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

नियम बदलला की तो एका ठरावीक तारखेपासून लागू होतो, आणि ती तारीख बहुधा माल कारखान्यातून निघाल्याची नसून जहाजावर चढल्याची असते. अमेरिकेचा दुसऱ्या २५ टक्क्यांचा आदेश ६ ऑगस्टला निघाला आणि २७ ऑगस्टपासून लागू झाला. त्याआधी जहाजावर चढलेल्या आणि १७ सप्टेंबरपूर्वी तेथील कस्टममधून सुटणाऱ्या मालाला त्यातून सूट होती. कागदावर ही तीन आठवड्यांची मुदत दिसते. न्हावाशेवाहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जहाज पोहोचायला महिनाभर किंवा त्याहून अधिक लागतो हे लक्षात घेतले, तर आदेश निघाल्यानंतर समुद्रमार्गे धावपळ करून ही सूट मिळवणे जवळजवळ अशक्यच होते. जो माल आधीच बंदरात उभा होता त्यालाच काही आशा होती. तळोजा किंवा भिवंडीच्या कारखानदाराला रात्रीतून कंटेनर बंदराच्या दारात नेता येतो. वाळूजचा कंटेनर माळीवाड्याच्या आयसीडीत (बंदरापासून दूर असलेल्या कंटेनर डेपोत) जातो, तेथे कस्टमची ‘लेट एक्स्पोर्ट ऑर्डर’, म्हणजे निर्यातीची मंजुरी, मिळते, मग तो रेल्वेच्या रेकची वाट पाहतो आणि सुमारे साडेतीनशे किलोमीटर जाऊन पुन्हा जहाजाची वाट पाहतो. या मधल्या दिवसांवर कारखानदाराचा काहीही ताबा नसतो. नियम दोघांना सारखाच असला तरी त्याची किंमत दोघांना सारखी पडत नाही.

परदेशी सरकारांना आपण काय सांगणार, असे कोणी म्हणेल. पण आपल्या सरकारच्या अधिसूचनाही अशाच येतात. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क एका दिवसात लागू झाले आणि डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच आली; वैजापूर आणि लासूरच्या बाजारात त्याचे काय परिणाम झाले ते आपल्या वाचकांना सांगायला नको. पिवळ्या वाटाण्याची शुल्कमुक्त आयात मार्च २०२६ पर्यंत चालेल असे आधी जाहीर झाले होते. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस नवी अधिसूचना निघून १ नोव्हेंबरपासून ३० टक्के शुल्क लागले आणि ज्या मालाच्या बिल ऑफ लेडिंगवर (माल जहाजावर चढल्याच्या जहाज कंपनीच्या कागदावर) ३१ ऑक्टोबर किंवा त्याआधीची तारीख होती तेवढाच सुटला. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे शुल्क योग्य होते आणि मीही त्याच मताचा आहे. परंतु लातूरच्या डाळमिलवाल्याचे व्यवहार मुंबईतील आयातदाराशी आगाऊ ठरलेले असतात, आणि कोणता माल कोणत्या तारखेच्या कागदावर चढला आहे हे त्याला ठाऊक नसेल तर त्याने ठरवलेला भाव म्हणजे निव्वळ जुगार ठरतो.

तारखेनंतरचा प्रश्न कोडचा आहे, आणि येथे दोष सरकारइतकाच आपलाही आहे. जगभर मालाची ओळख एचएस कोडने होते. त्याचे पहिले सहा आकडे सर्व देशांत समान असतात आणि पुढचे आकडे प्रत्येक देश आपापले जोडतो, आपल्याकडे ते मिळून आठ होतात. बहुतेक लहान कारखान्यांत हा कोड कोणी तरी कधी तरी ठरवलेला असतो आणि पुढे वर्षानुवर्षे मागच्या शिपिंग बिलावरून (निर्यातीसाठी कस्टमकडे भरायच्या अर्जावरून) उतरवला जातो. ‘ते आमचे सीएचए बघतात’, हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ऐकतो. सीएचए म्हणजे आपल्या वतीने कस्टमची कागदपत्रे भरणारा कस्टम ब्रोकर; न्हावाशेव्यातील या ब्रोकरने ती वस्तू कधी डोळ्यांनी पाहिलेली नसते. त्याच्यापुढे फक्त बीजक असते आणि त्यावर ‘ऑटो पार्ट्स’ असे लिहिलेले असते.

या दोन शब्दांत किती गोंधळ मावतो ते एका बोल्टवरून सांगतो. मोटारीसाठीच बनवलेला, मोटार कंपनीच्या ड्रॉइंगप्रमाणे घडवलेला पोलादी बोल्ट ८७०८ या मोटारभागांच्या शीर्षकाखाली येत नाही. बोल्ट, नट, वॉशर यांना एचएसच्या टिपांनी ‘सामान्य वापराचे भाग’ मानले आहे आणि ते मोटारीच्या विभागातून स्पष्टपणे वगळले आहेत. त्यांची जागा ७३१८ मध्ये आहे. आजवर या फरकाने फार तर शुल्काचा किंवा रोडटेप या निर्यात योजनेतील परताव्याचा दर थोडा इकडे-तिकडे होत असे आणि कोणी विचारत नसे. आता युरोपला जाणाऱ्या मालाच्या बाबतीत तो निर्णायक झाला आहे, कारण १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय महासंघाची कार्बन शुल्काची व्यवस्था, जिला धंद्यात सगळे सीबॅम म्हणतात, नुसती माहिती मागण्याच्या टप्प्यातून पैसे मोजण्याच्या टप्प्यात आली आहे. ७३१८ तिच्या यादीत आहे, आजच्या घडीला ८७०८ नाही. चुकीचा कोड लावून वाचू असे ज्याला वाटत असेल त्याने हे लक्षात घ्यावे की तिकडचा आयातदार तिकडच्या कस्टमपुढे स्वतंत्रपणे वर्गीकरण जाहीर करतो. दोन्ही टोकांचे आकडे जुळले नाहीत की प्रश्न येतो तो ऑर्डर देणाऱ्याकडून, आणि मग ऑर्डरच जाते.

सीबॅमचे कार्बन प्रमाणपत्र युरोपातील आयातदाराने घ्यायचे आहे, आणि २०२६ मध्ये आलेल्या मालासाठी त्यांची विक्री फेब्रुवारी २०२७ पासून सुरू होणार आहे. त्यामुळे आपल्याकडे अजून सारे स्वस्थ आहेत. वर्षाला एकूण ५० टनांपर्यंत असा माल आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे. पण आपला खरेदीदार इतर ठिकाणांहून किती आणतो हे वाळूजच्या कारखानदाराला कळण्याचा मार्ग नाही, तेव्हा सूट गृहीत धरता येत नाही. खरेदीदार आता विचारतो की हा बोल्ट ज्या सळईपासून झाला ती बनवताना किती कार्बन वायू हवेत गेला. कारखानदार कपाट उघडून मिलचे टेस्ट सर्टिफिकेट काढतो. त्यावर हीट नंबर (भट्टीतील त्या वितळणीचा क्रमांक) असतो, कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस यांची टक्केवारी असते. पण तो पोलादातला कार्बन झाला, धुराड्यातून गेलेल्याचा हिशेब त्यावर नसतो. प्रत्यक्ष आकडा मिळाला नाही तर युरोपीय महासंघाने ठरवून दिलेला आकडा धरला जातो, आणि लोकांनी खरी मोजणी करावी म्हणून तो मुद्दाम चढा ठेवलेला आहे.

या बाबतीत मराठवाड्याचे नुकसान विशेष व्हावे हे मला खटकते. जालन्यातील पोलाद प्रामुख्याने भंगार वितळवून, विजेच्या इंडक्शन भट्टीत तयार होते. पोलादासाठी सीबॅममध्ये सध्या थेट उत्सर्जन मोजले जाते, वीज तयार करताना झालेले नाही. कोळशावर चालणाऱ्या मोठ्या झोतभट्टीच्या तुलनेत भंगारावरच्या भट्टीचे थेट उत्सर्जन बरेच कमी असते. भट्टीत स्पंज आयर्न (खनिजापासून थेट बनवलेले लोखंड) जास्त टाकले तर मात्र त्याचे उत्सर्जन हिशेबात येते आणि चित्र बदलते. म्हणजे ज्या भट्टीचा आकडा मुळात चांगला निघण्यासारखा आहे, तिने तो मोजलाच नाही तर तिच्या पोलादाला दुसऱ्याच्या धुराचा आकडा चिकटणार. जालन्यातील बरेच पोलाद बांधकामाच्या सळईत आणि देशातच खपते, त्यामुळे भट्टीमालकांना आज याची घाई वाटत नाही. त्यांच्याकडून माल घेऊन निर्यात करू पाहणाऱ्या कारखान्याला मात्र ती वाटते. भंगार किती, स्पंज किती, इंधन किती, एवढी महिन्याची नोंद हीट नंबरशी जोडून दिली तरी सुरुवात होईल.

मूळ देशाच्या दाखल्याविषयी थोडक्यात लिहितो. व्यापार करारातील सवलत मिळवायची तर माल खरोखर आपल्या देशात घडला हे दाखवावे लागते, आणि त्यासाठी परदेशी कच्चा माल किती व येथील मूल्यवृद्धी किती याचे कॉस्ट शीट हवे. दाखला आता ऑनलाइन मिळतो. शीट कारखान्यातच तयार व्हावे लागते. आयातीच्या बाजूने सप्टेंबर २०२० पासूनच्या नियमांनी ही माहिती बाळगण्याची जबाबदारी आयातदारावर टाकली असून कागद किमान पाच वर्षे जपावे लागतात. ‘पुरवठादाराने दाखला दिला आहे’ एवढे उत्तर आता पुरत नाही.

सीमाशुल्क विभागाची संगणक व्यवस्था सुधारली आहे हे मान्य केलेच पाहिजे. आइसगेट या विभागाच्या संकेतस्थळावर शिपिंग बिल भरल्यापासून परताव्यापर्यंतचा प्रवास घरबसल्या दिसतो. २०२५ च्या वित्त कायद्याने सीमाशुल्क कायद्यात १८ए हे कलम घालून, माल सुटल्यानंतरही स्वतःहून चूक दुरुस्त करण्याची वाट मोकळी केली, ही फार चांगली गोष्ट आहे. परंतु संगणकाला माणसाप्रमाणे समजून घेता येत नाही. जीएसटीच्या विवरणात बीजक क्रमांक ‘०४५/२५-२६’ आणि शिपिंग बिलात नुसता ‘४५’ लिहिला, तर दोन्ही बीजके एकच आहेत हे त्याला कळत नाही. ‘एसबी ००५’ ही त्रुटी दाखवून तो आयजीएसटीचा (निर्यातीवर भरलेल्या जीएसटीचा) परतावा अडवून ठेवतो, आणि लहान कारखान्याच्या दृष्टीने ती रक्कम पुढच्या महिन्याचा पगार असतो. एका शून्यापायी हे होत असेल, तर कोड, मूळ देश आणि कार्बन अशा तीन नव्या रकान्यांत काय होईल याची कल्पना करावी.

शिवाय मोठा बदल पुढेच आहे. एचएसची नवी आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून जगभर लागू व्हायची आहे. याआधीची १ जानेवारी २०२२ ला आली, तेव्हा करोनाच्या गडबडीत आपल्याकडील अनेकांना ती शिपिंग बिल अडकल्यावरच कळली. या वेळी हाताशी वेळ आहे.

म्हणून काही मागण्या आपल्या मार्फत मांडतो. सीमाशुल्क विभागाने आणि विदेश व्यापार महासंचालनालयाने उद्योगांवर परिणाम करणाऱ्या अधिसूचनांचा मराठी गोषवारा जिल्हा उद्योग केंद्रांकडे त्याच दिवशी पाठवावा. कायद्याचा मजकूर इंग्रजीत असो, पण ‘काय बदलले, कोणत्या कोडला, कोणत्या तारखेपासून आणि तारीख कोणत्या कागदावरची’ या चार गोष्टी मराठीत सांगायला अडचण नसावी. केंद्र सरकारने निर्यातीवर शुल्क किंवा बंदी आणताना, देशांतर्गत आयसीडीत कस्टमची मंजुरी मिळालेल्या मालाला नेहमीच सूट द्यावी. डिसेंबर २०२३ च्या कांदा निर्यातबंदीत कस्टमच्या ताब्यात आधीच गेलेल्या मालासाठी अशी तरतूद होती. ती प्रत्येक वेळी मेहेरबानी म्हणून न ठेवता कायमचा नियम करावा. जालन्याच्या ड्राय पोर्टची पायाभरणी २५ डिसेंबर २०१५ रोजी झाली, आणि त्याविषयीच्या बातम्या रूळ, रस्ते आणि गोदामांपाशी संपतात; तेथे वर्गीकरणाचा निर्णय देऊ शकणारे अधिकारी आणि नमुने तपासण्याची सोय असेल का, हे आजच ठरले पाहिजे. अन्यथा समृद्धी महामार्गावरून कंटेनर लवकर पोहोचेल आणि नमुन्याचा अहवाल येईपर्यंत बंदरात उभा राहून भाडे भरत राहील.

सीएमआयए आणि मसिआ या आपल्या उद्योग संघटनांनी हातभार लावायचा तर परिसंवादाऐवजी एक जाणकार माणूस नेमावा, ज्याने सभासदांच्या कारखान्यांत जाऊन, वस्तू हातात घेऊन आणि ड्रॉइंग समोर ठेवून प्रत्येकाचे कोड तपासावेत. प्रत्येक लहान कारखान्याला असा माणूस ठेवणे परवडत नाही, वीस-पंचवीस जणांना मिळून सहज परवडते. वसमतच्या हळदीपासून जालन्याच्या मोसंबीपर्यंत जे शेतमाल उत्पादक गट थेट निर्यातीची स्वप्ने पाहत आहेत त्यांनाही हीच सोय खुली ठेवता येईल.

आपल्याकडेही एक विनंती आहे. शेतमालाचे भाव आपण रोज छापता आणि लातूर-जालन्याचा व्यापारी सकाळी आधी तेच पान उघडतो. त्या पानावर आठवड्यातून एकदा, सोमवारी चालेल, आयात-निर्यातीच्या नव्या अधिसूचनांचा चार ओळींचा रकाना सुरू करावा. मजकूर तपासून देण्याची जबाबदारी माझ्यासारखे दोन-तीन जण विनामोबदला घ्यायला तयार आहेत.

आपला नम्र,
निर्यात कागदपत्रांचे काम पाहणारा एक वाचक
छत्रपती संभाजीनगर