पिकअपचे नवे सस्पेन्शन बुश चार महिन्यांत फाटल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या अधिकृत सेवा केंद्रात बसवलेले पुढच्या लोअर आर्मचे (चाक गाडीला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश (सांध्यातले रबरी भाग) चुकीच्या बसवणीमुळे निकामी झाल्याबाबत.

महोदय,

मी ओतूर, ता. जुन्नर येथील शेतकरी असून आपल्या कंपनीची २०१२ सालची पिकअप गेली तेरा वर्षे स्वतः चालवीत आहे. टोमॅटो, कोबी, कांदा असा घरचा आणि भावकीतला माल माळशेज घाटातून वाशीच्या बाजारात नेणे हे या गाडीचे काम, आणि आमच्या घराचे बरेचसे उत्पन्न तिच्याच जिवावर चालते.

गतिरोधकावरून जाताना पुढून खडखड आवाज येऊ लागला आणि ब्रेक दाबताच गाडी डावीकडे ओढू लागली, म्हणून १२ जून २०२५ रोजी मी ती आपल्या सेवा केंद्रात दिली. तेथे पुढच्या दोन्ही लोअर आर्मचे बुश आणि मागच्या पाट्यांच्या शॅकलचे (पाटे गाडीला जोडणाऱ्या कडीचे) बुश बदलले. मजुरी व अलाइनमेंटसह (चाकांचे कोन जुळवण्यासह) बिल १४,८६० रुपये झाले, ते मी त्याच दिवशी भरले. मागच्या बुशांबद्दल माझी तक्रार नाही, ते आजही शाबूत आहेत. पुढचे मात्र जेमतेम ६,४०० किलोमीटर चालले.

ऑक्टोबरमध्ये तोच आवाज पुन्हा सुरू झाला. भरलेली गाडी घेऊन सेवा केंद्रापर्यंत जाण्याची जोखीम नको म्हणून मी ती आळेफाट्याच्या एका जुन्या फिटरला दाखवली. त्यांनी आर्मखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून जरा उचकटले, तेव्हा डाव्या बुशचे रबर आतल्या नळीपासून अर्धवर्तुळात फाटून सुटलेले मला स्पष्ट दिसले. उजवा बुश तोवर फाटला नव्हता. त्यांनी गाडी चारही चाकांवर उभी ठेवली, उजव्या बुशच्या नळीवर आणि शेजारच्या कंसावर (ब्रॅकेटवर) खडूने एक सरळ रेघ ओढली आणि बोल्ट सैल केला. बोल्ट सैल होताच आतली नळी झटक्याने फिरली आणि खडूची रेघ तुटून दोन टोके बोटभर अंतरावर गेली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले असून मोबाइलवर त्याचे चित्रीकरणही केले आहे.

याचा अर्थ आपल्या तंत्रज्ञांना सांगायची गरज नसावी, तरी नोंद व्हावी म्हणून लिहितो. या बुशमध्ये रबर आतल्या व बाहेरच्या नळीला पक्के चिकटवलेले असते, बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर जखडते आणि आर्म वरखाली होताना फक्त रबर पीळ घेते. म्हणून शेवटचे आवळणे गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतर, तिच्या नेहमीच्या उंचीवर करायचे असते. गाडी लिफ्टवर असताना, चाके खाली लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी जमिनीवर टेकताक्षणी रबर पिळले जाते आणि उभ्या गाडीतही पिळलेलेच राहते. त्यात घाटातला प्रत्येक खड्डा भर घालतो. त्या दिवशी आपल्या केंद्रात काचेपलीकडून मी काम पाहत होतो. बोल्ट लिफ्टवरच आवळले गेले आणि गाडी खाली उतरल्यावर त्यांना कोणी हात लावला नाही. तेव्हा मला त्यातले वावगे कळले नाही, याची खंत वाटते.

ही सर्व हकीकत सांगूनही केंद्राने मला लेखी कळवले की, गाडी जुनी आहे, रस्ते खराब आहेत आणि रबरी भाग झिजणारच, सबब वॉरंटी लागू होत नाही. हे उत्तर मला मान्य नाही. याआधीचे बुश याच घाटात, याच खड्ड्यांतून आणि एवढाच माल वाहून एक लाख किलोमीटरहून अधिक चालले होते. झीज आणि चुकीची बसवणी यांतला फरक फाटलेल्या रबराकडे पाहूनही कळतो, पण तो बुश हातात घेऊन पाहण्याची तसदी कोणीही घेतली नाही. शिवाय अलाइनमेंटचे पैसे घेऊनही मोजमापाचा कागद मला मिळाला नाही आणि दरम्यान पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने तारेपर्यंत घासले.

माझी मागणी अशी की, दोन्ही लोअर आर्मचे बुश आपल्या खर्चाने बदलून बोल्ट गाडी जमिनीवर असताना माझ्यासमक्ष आवळावेत, त्यानंतर अलाइनमेंट करून त्याचा छापील अहवाल द्यावा आणि दोन टायरची किंमत भरून द्यावी. सध्याचे बुश मी तसेच ठेवले आहेत. आपला तंत्रज्ञ ते केव्हाही तपासू शकतो.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. गाडी मालवाहू असली तरी ती मी केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी वापरतो, त्यामुळे व्यावसायिक वापराचे कारण पुढे करून ही तक्रार टाळता येणार नाही.

बिल, केंद्राचे पत्र आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

कळावे,
आपला विश्वासू,
एक पिकअपधारक ग्राहक, ओतूर