दुसरा बल्ब तू बसव, म्हणालात तुम्ही

इंदिरानगर, नाशिक

आदरणीय काका,
सा. न.

समोर येऊन आभार मानले की तुम्ही लगेच चहाचा विषय काढता. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

आईचं दुखणं सुरू झाल्यापासून आठवड्यातून दोनदा मी निफाडहून रात्री एकटी परत येते. चांदोरीच्या आसपास कांद्याची एखादी ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, अशी पुढ्यात उगवते की पोटात गोळाच येतो. त्यात आमच्या जुन्या वॅगन आरचे दिवे म्हणजे देवघरातली समई. म्हणून एका दुकानातून पांढरेशुभ्र एलईडी बसवून घेतले. उजेड पडला भरपूर, पण समोरून येणारा जो तो मला डिपर मारायला लागला. मला वाटायचं, बाई गाडी चालवतेय म्हणून!

तुम्ही मला वेड्यात काढलं नाहीत. गाडी कंपाउंडच्या भिंतीसमोर उभी करायला लावलीत आणि दाखवलंत: लो बीमवरही, म्हणजे जवळच्या रस्त्यासाठीच्या खालच्या उजेडावरही, उजेड थेट भिंतीच्या वरच्या कडेपर्यंत फेकला जात होता. मग जुना एच-फोर हॅलोजन बल्ब कागदात धरून उजेडाकडे केलात. आत दोन फिलामेंट, हाय बीमचं 60 वॅटचं, लो बीमचं 55 वॅटचं. लोच्या खाली पत्र्याची इवलीशी वाटी. त्या वाटीमुळे उजेड दिव्यातल्या आरशासारख्या रिफ्लेक्टरच्या वरच्याच अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. एलईडीची चिप नेमकी त्या फिलामेंटच्या जागी नसेल, तर रिफ्लेक्टरचं सगळं गणित फिसकटतं. समोरच्याचे डोळे दिपतात, आपल्या रस्त्यावर मात्र तितकासा उजेड पडत नाही.

"मग शंभर-नव्वदचे घालू का?" हा माझा पुढचा शहाणपणा. शंभर वॅट म्हणजे बारा व्होल्टला एका बल्बमागे आठ अँपियरच्या वर, हे तुम्ही बोटांवर मोजून सांगितलंत. मूळ वायरिंगवर तसाच बसवला, रिले (जास्त करंट वेगळ्या वायरीतून नेणारा स्विच) न लावता, तर होल्डर वितळायला वेळ लागत नाही.

खरा रोग भलतीकडेच होता. इंजिन चालू ठेवून तुम्ही मल्टीमीटर लावलात: बॅटरीवर 13.8 व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर जेमतेम 12.2. अर्थिंगचा बोल्ट गंजला होता. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर हॅलोजनचा उजेड साधारण तीस टक्के पडतो, हे ऐकून मला एलईडीवर घातलेले पैसे आठवले. बोल्ट घासून घट्ट केला आणि आकडा तेरापार गेला. वरून दिव्याचं पिवळं पडलेलं प्लॅस्टिक. त्यावर हजार आणि दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासकट फिरवण्यात माझा अख्खा रविवार गेला. खांदे अजून बोलतात.

पहिला नवीन हॅलोजन तुम्ही बसवलात, आणि रुमालाला हात पुसत म्हणालात, "दुसरा तू बसव." त्या क्षणी मला तुमचा थोडा रागच आला होता. कपलर, म्हणजे बल्बमागचा वायरींचा प्लग, ओढून काढला, रबराची टोपी सोडवली, तारेची क्लिप दाबून बाजूला केली, ती दोनदा निसटली. बल्बच्या तीन पाकळ्या एकसारख्या नसतात, एकाच पद्धतीने बसतात, हे मला दिसेना. बोटांनी चाचपत सापडलं. काचेला मात्र हात लावू दिला नाहीत. बोटाचं तेल लागलं की ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. माझा अंगठा तरी लागलाच, मग बल्ब स्पिरिटने पुसून घेतला.

शेवटी भिंतीपासून पाच मीटरवर गाडी, खडूने दिव्याच्या उंचीची रेघ, आणि लो बीमची कड त्या रेघेच्या पाच सेंटीमीटर खाली येईपर्यंत स्क्रू फिरवणं. डावीकडे उजेड थोडा वर चढतो तो बिघाड नाही, आपण डावीकडून चालतो म्हणून मुद्दाम तसा ठेवलेला असतो, हेही तेव्हाच कळलं.

परवा निफाडहून येताना चांदोरीच्या अलीकडे एक ट्रॉली लांबूनच दिसली. आरामात वेग कमी केला. नाशिक येईपर्यंत एकानेही डिपर मारला नाही.

तुमचा मल्टीमीटर माझ्याकडेच राहिलाय. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या गाडीचाही एक दिवा मंद आहे, तेवढा बघते आणि मग आणून देते.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची