सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड बुजवू नका

महोदय,
थंडी पडली की मला गिझर दुरुस्तीचे फोन सुरू होतात. परवा एका घरी ठिबकतो म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडात चक्क एम-सील भरलेलं पाहिलं. अंगावर काटा आला. पाणी तापलं की फुगतं, आणि तो वाढलेला दाब याच वाटेने बाहेर पडतो. तापताना चार थेंब पडले तर पडू द्या. सतत गळत असेल तर व्हॉल्व्ह बदला, पण बुजवू नका.
आमच्याकडे बोअरचं पाणी जड. टाकी उघडावी तर कॉइलवर क्षारांचा पांढरा थर आणि मॅग्नेशियमच्या रॉडची नुसती तार उरलेली. हा रॉड स्वतः झिजून टाकीला गंजू देत नाही. दरवर्षी दिवाळीआधी तो तपासून घ्या. नवा रॉड टाकीपेक्षा फार स्वस्त पडतो.

– एक गिझर कारागीर, लातूर