फुप्फुसाच्या रुग्णांना योग जरूर शिकवा, पण कपालभाती वगळून : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
सादर नमस्कार.

सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार), जुना दमा, क्षय बरा झाल्यावर मागे राहिलेले फुप्फुसाचे नुकसान अशा रुग्णांसाठी सरकारी दवाखान्यांत योगवर्ग सुरू व्हावेत, ही मागणी आमचीही आहे. मात्र ते २१ जूनच्या सामूहिक कार्यक्रमाची नक्कल करून सुरू झाले तर फायद्याऐवजी अपाय होईल. म्हणून परिपत्रक निघण्याआधीच हे पत्र.

सीओपीडीच्या रुग्णाची मुख्य अडचण श्वास घेण्यापेक्षा सोडण्यात असते. आधार गमावलेल्या बारीक श्वासनलिका श्वास सोडताना मिटतात, हवा आत अडकते, छाती फुगलेलीच राहते आणि घुमटासारखे असायला हवे ते श्वासपटल सपाट होते. सपाट स्नायूला आणखी ओढायला जागाच उरत नाही. अशा माणसाला 'छाती भरून श्वास घ्या' सांगणे म्हणजे आधीच भरलेल्या छातीत आणखी हवा कोंबायला लावणे. योगवर्गातली निम्मी वाक्ये मात्र नेमकी हीच असतात.

कपालभाती आणि भस्त्रिकेत तर श्वास झटक्याने बाहेर फेकायचा असतो. जोर लावला की छातीतला दाब वाढतो, श्वासनलिका अधिकच लवकर मिटतात आणि हवा आणखी अडकते. फुप्फुसात हवेचे मोठे फुगे झालेले असतील तर ते फुटण्याचा धोकाही आहे. २००४ मध्ये 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात कपालभातीमुळे फुप्फुस फाटून छातीत हवा साठल्याची नोंद आली होती, आणि ती व्यक्ती आधी निरोगी होती. त्यामुळे या वर्गात कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक (श्वास रोखून धरणे) यांना मनाई आहे, असे परिपत्रकात स्पष्ट लिहावे. 'जमेल तसे करा' ही सूचना पुरत नाही. गटात बसलेला माणूस शेजाऱ्याकडे पाहून करतो, जमेल तसे करत नाही.

मग शिकवायचे काय? सगळ्यात आधी रेचक, म्हणजे श्वास सोडणे, तोही ओठांचा चंबू करून. खांदे सैल, नाकाने दोन मात्रा (दोन आकडे मोजेपर्यंत) श्वास आत, मग चार मात्रा बाहेर. समोरची ज्योत हलावी पण विझू नये, इतकाच जोर. (खरी मेणबत्ती लावू नये, वर्गात कोणी ऑक्सिजनवर असू शकते.) ओठांमुळे नलिकांत थोडा दाब टिकून राहतो आणि त्या उशिरा मिटतात. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, शिक्षक 'पूर्ण रिकामे करा' म्हणतो, रुग्ण पोट आवळतो आणि शेवटी शिट्टी वाजते. शिट्टी ऐकू आली की जोर जास्त झाला, हे शिक्षकाला कळलेच पाहिजे. दुसरी, मात्रा लांबवण्याची स्पर्धा लागते. दोनास चार जमत नसेल तर एकास दोन चालते. बोटांना मुंग्या आल्या किंवा डोके हलके वाटले तर मोजणे थांबवून नेहमीच्या श्वासावर यावे.

पोटावर हात ठेवून करायचे श्वसन सरसकट सगळ्यांना देऊ नये. श्वासपटल फार सपाट झालेल्या रुग्णाची धाप त्याने उलट वाढते. भ्रामरी मात्र बहुतेकांना सोसते, कारण गुंजनामुळे उच्छ्वास आपोआप लांबतो.

आसने खुर्चीवर करावीत. खुर्ची चाके नसलेली, पाठ असलेली, भिंतीला टेकवलेली. हात डोक्यावर नेणारे ताडासन इथे अवघड जाते. धाप लागलेला माणूस खांद्या-मानेच्या स्नायूंनीही श्वास घेत असतो, आणि हात वर गेले की ते स्नायू हातांच्या कामाला जुंपले जातात. म्हणून सुरुवातीला हात खांद्याच्या उंचीपर्यंतच, तेही श्वास सोडताना. खुर्चीतून उठतानाही हाच नियम : आधी श्वास घ्या, सोडत सोडत उठा. धाप लागली तर पुढे झुकून कोपर मांड्यांवर टेकवावेत. शवासन सपाट झोपून नको, पाठ टेकवून अर्धवट बसून. स्टेरॉइडची औषधे बरीच वर्षे घेतलेल्यांची हाडे ठिसूळ असू शकतात, त्यांना खोल पुढे वाकणे आणि जोराचे पिळे देऊ नयेत. खोलीत धूप किंवा सुगंधी फवारा अजिबात नको.

सगळे फुप्फुसविकार एकसारखे नसतात, हेही परिपत्रकात यायला हवे. फुप्फुस कडक होण्याच्या आजारात श्वास मुळातच उथळ आणि जलद असतो. तो मुद्दाम संथ-खोल करायला लावला की खोकल्याची उबळ येते, शिवाय थोड्याशा श्रमानेही ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. ब्रॉन्किएक्टेसिसच्या (श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत कफ साठण्याच्या आजाराच्या) रुग्णाने आधी कफ काढून मग वर्गाला बसावे. थुंकीत क्षयाचे जंतू सापडत असतील तर गटात घेऊच नये. ताप, थुंकीचा बदललेला रंग, वाढलेली धाप किंवा थुंकीतून रक्त असेल, तर त्या दिवशी वर्ग नाही, डॉक्टर.

प्रत्येक वर्गात ऑक्सिमीटर हवा आणि तो वाचता यायला हवा. बोट थंड असेल, नखांना रंग असेल किंवा हात हलत असेल तर आकडा फसवा येतो. काळ्या-सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्तही दिसू शकतो. बोट लावल्या लावल्या दिसणारा पहिला आकडा न धरता तो स्थिर होऊ द्यावा. ८८ टक्क्यांखाली गेला की थांबायचे. ऑक्सिजन चालू असलेल्याने वर्गात तो काढू नये, आणि शिक्षकाने त्याचा प्रवाह स्वतःहून वाढवू नये. काही रुग्णांत त्याने कार्बन डायऑक्साइड साठतो. तातडीचा पंप (इनहेलर) हाताशी असलाच पाहिजे. डॉक्टरांनी सांगितले असेल तर तो वर्गाआधी दहा-पंधरा मिनिटे घ्यावा. 'योग सुरू केला, आता पंप बंद' हे वाक्य कोणत्याही शिक्षकाच्या तोंडून निघाले तर तो वर्ग तिथेच थांबवावा, इतके आमचे मत स्पष्ट आहे.

पुराव्याबद्दलही अतिशयोक्ती नको. योगाने चालण्याचे अंतर वाढल्याचे आणि जगणे थोडे सुसह्य झाल्याचे काही चाचण्यांत दिसले आहे, पण त्यातल्या बऱ्याच चाचण्या लहान आणि थोड्या कालावधीच्या आहेत. नष्ट झालेले वायुकोश योगाने परत येत नाहीत. चालणे, हातापायांचा व्यायाम आणि शिक्षण मिळून होणाऱ्या फुप्फुस पुनर्वसनाचा पुरावा भक्कम आहे. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात त्यावरच्या ६५ चाचण्या एकत्र तपासल्या आहेत. म्हणून योग त्या कार्यक्रमाच्या आत बसवावा, त्याच्या जागी नव्हे.

आमचा प्रस्ताव साधा आहे. आठवड्यातून दोनदा, किमान आठ आठवडे. एका शिक्षकामागे आठांहून जास्त रुग्ण नकोत, आणि फिजिओथेरपिस्ट त्याच इमारतीत हजर असावा. प्रवेशापूर्वी छातीच्या डॉक्टरांची तपासणी व स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजणारी चाचणी). सुरुवातीला आणि शेवटी ३० मीटरच्या सपाट मार्गिकेत सहा मिनिटांची चालचाचणी आणि कॅट प्रश्नावली (सीओपीडीचा त्रास किती, हे गुणांत मोजणारी) घ्यावी. अंतर सुमारे ३० मीटरने वाढले किंवा कॅटचे गुण दोनने उतरले, तर रुग्णाला फरक जाणवतो असे मानतात. यशाची मोजणी स्पायरोमेट्रीच्या आकड्यावर करू नका, तो फारसा हलणार नाही आणि चांगला कार्यक्रम त्यापायी बंद पडेल. हजेरीपटाच्या आकड्यावर तर मुळीच नको.

योगशिक्षकांना या कामासाठी वेगळे प्रशिक्षण द्यावे आणि त्यातला काही भाग छातीच्या वॉर्डात, रुग्णांच्या खाटेजवळ व्हावा. निधी मर्यादित असेल तर चटया आणि फलक मागे ठेवा, आधी खुर्च्या आणि ऑक्सिमीटर घ्या. परिपत्रकाचा मसुदा करताना आमची मदत लागल्यास आम्ही तयार आहोत.

आपले,
श्वसनविकार, फिजिओथेरपी आणि योगोपचार या क्षेत्रांत काम करणारे आम्ही